रात्री दहाचं पार्किंग आणि तळहाताएवढं पिस्तूल

टेक्सासमधल्या एका शहराच्या उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. त्या फार्मासिस्ट आहेत, वय चाळिशीच्या पुढे. त्यांची कामाची पाळी बऱ्याचदा रात्री १० वाजता संपते. मध्यंतरी त्यांच्या एका सहकारीणीला पार्किंगमध्ये चाकू दाखवून लुटलं. पर्स, फोन, गाडीची किल्ली, सगळं गेलं. तेव्हापासून दुकानाच्या मागच्या दारापासून गाडीपर्यंत जाताना यांचा जीव मुठीत असतो. त्या बंदुकीच्या दुकानात जाऊन आल्या. तिथल्या माणसानं यांचे हात पाहिले, तळहातावर मावेल एवढं, .३८० मापाच्या गोळीचं पिस्तूल पुढे ठेवलं आणि म्हणाला, "लेडीजसाठी हेच बेस्ट, पर्समध्ये टाका आणि विसरून जा." यजमानांचा सक्त विरोध आहे. घरात ९ वर्षांचा मुलगा आहे. यजमानांचा भाचा एमएस करायला आला आहे, तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यांच्याकडेच राहतो. बाईंच्या उजव्या मनगटाला कार्पल टनलचा, म्हणजे नस दाबली जाण्याचा त्रास आहे. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज लवकरच करायचा आहे. त्या लिहितात, "घ्यावं की नाही हे मी विचारत नाही, ते माझं ठरलंय. खिशात किंवा पर्समध्ये रोज बाळगता येईल असं कोणतं छोटं पिस्तूल घेऊ, तेवढं सांगा."

ताई,

तुमचं ठरलं आहे हे मान्य करूनच लिहिते. मी स्वतः हत्यार बाळगते आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवते, त्यात आपल्या मराठी मुलीही असतात. त्यामुळे 'हे कसलं खूळ घेतलंत डोक्यात' असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. रात्री रिकाम्या पार्किंगमधून एकटीनं जायची भीती खरी आहे आणि ओळखीच्या बाईवर प्रसंग गुदरल्यावर ती वाढणारच. पण 'कोणतं' या एका प्रश्नाच्या पोटात तुम्ही बरंच काही गृहीत धरलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं त्या दुकानातल्या माणसाच्या एका वाक्यातून आलं आहे. ते वाक्य आधी सोडवू.

'लेडीजसाठी हेच.' लहान हात, म्हणून लहान पिस्तूल, हे ऐकायला पटतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. गोळी तीच राहिली आणि पिस्तूल हलकं झालं की गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का वाढतो, कारण तो झेलायला पुरेसं वजनच उरत नाही. तुम्हाला दाखवलेलं पिस्तूल बहुधा रुगर एलसीपी किंवा त्याच्या जातकुळीतलं असावं. एलसीपी २००८ साली आलं आणि खिशात बाळगायच्या पिस्तुलांचा बाजार त्यानं पालटून टाकला. २०२१ मध्ये त्याचंच एलसीपी मॅक्स आलं. त्यात १० गोळ्यांचं मॅगझिन बसतं आणि तरी रिकाम्या पिस्तुलाचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास राहतं. स्मिथ अँड वेसनचं २०२४ चं बॉडीगार्ड २.० त्याहूनही किंचित हलकं आहे. कारागिरी म्हणून या वस्तू कौतुकाच्या आहेत, यात शंका नाही. .३८० ही गोळीसुद्धा जॉन ब्राउनिंग यांनी १९०८ साली कोल्टच्या खिशातल्या पिस्तुलासाठीच आणली होती. पण ते कोल्ट पोलादी होतं, आजच्या एलसीपी मॅक्सच्या दुपटीहून जड. तीच गोळी आज आपण निम्म्याहून कमी वजनाच्या पिस्तुलातून झाडतो आणि ते नवख्या हातात देतो.

रेंजवर काय होतं ते सांगते. बाई एलसीपी हातात घेते. करंगळीला धरायला जागाच नसते, ती खाली लोंबत राहते. पकड उरते दोन बोटांची. पहिल्या गोळीला पिस्तूल मुठीतल्या मुठीत वळतं. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उमटतो. मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, मनगट खाली झुकतं आणि सात यार्डांवरच्या कागदाच्या तळाशी भोकं पडतात. यात भित्रेपणा नाही. आता दुखणार आहे हे शरीर शिकलेलं असतं, आणि एकदा लागलेली ही सवय मोडायला महिने जातात. शिवाय नळी पावणेतीन इंचांची, त्यामुळे नेम धरायची मागची आणि पुढची साइट इतक्या जवळजवळ की हाताची बारीकशी थरथरही नेम चुकवते.

तुमच्या मनगटाच्या दृष्टीनं स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ही आणखी मोठी अडचण आहे. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, म्हणून ती आवरायला आतली स्प्रिंग कडक द्यावी लागते, आणि मागे ओढायला पकड मिळते जेमतेम बोटभर. दुकानात काउंटरपाशी निवांत उभं राहून एकदा ओढता आली म्हणजे जमलं, असं नाही. गोळी अडकली तर तीच स्लाइड घामेजल्या हातांनी दोन सेकंदांत ओढावी लागते. आणि गोळी अडकण्याचा संभव तुमच्या बाबतीत जास्त आहे, कारण झाडताना मनगट ढिलं पडलं तर अशी हलकी पिस्तुलं पुढची गोळी नीट आत घेत नाहीत. थोडक्यात, हे पिस्तूल बाळगायला सगळ्यात सोपं आणि चालवायला सगळ्यात अवघड आहे. ज्याचा हात बसलेला आहे त्याचं दुसरं पिस्तूल म्हणून ते चांगलं. पहिलं पिस्तूल म्हणून मी ते क्वचितच कोणाला सुचवते.

'पर्समध्ये टाका.' ताई, तुमच्या सहकारीणीचं सगळ्यात आधी काय गेलं? पर्स. लुटणारा पहिला हात पर्सलाच घालतो. त्या रात्री पर्समध्ये पिस्तूल असतं तर चाकूवाल्याला चाकूच्या जोडीला तेही मिळालं असतं. शिवाय पर्स आपण दिवसभरात कुठे कुठे ठेवतो ते आठवा: खुर्चीच्या पाठीला, कारच्या सीटवर, मैत्रिणीच्या सोफ्यावर, वाणसामानाच्या ट्रॉलीत. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये हेच घडलं. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्सची चेन उघडली, आतलं पिस्तूल हाताला लागलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ती बाई बेजबाबदार नव्हती. तिच्याकडे परवाना होता, सराव होता आणि पर्ससुद्धा हत्यारासाठी वेगळा कप्पा असलेली होती. तेव्हापासून माझ्या वर्गात मी पर्सचा विषय चर्चेला ठेवत नाही, सरळ नको म्हणते. पिस्तूल अंगावर असावं, नाहीतर कुलपात असावं.

मग खिसा? खिशाचे काही फायदे आहेत. दुरून कोणी संशयास्पद येताना दिसलं तर खिशात हात घालून चालता येतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्यासाठी खिशासाठीच बनवलेलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान लागते, चाप पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल बाहेर काढताना स्वतः खिशातच राहणारं. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी खिशातून नुसतं, होल्स्टरशिवाय पिस्तूल काढून दाखवलं, तेव्हा चापाच्या कडीत किल्लीची रिंग अडकलेली होती आणि नळीच्या तोंडाशी कापसाचा गोळा होता. आत गोळी भरलेली होती. तेही ते पाहून गप्प झाले.

बायकांच्या कपड्यांत तर खिशाचीच मारामार. तुमची रोजची पॅन्ट घ्या, पिस्तुलाएवढा पुठ्ठा कापून तिच्या पुढच्या खिशात घाला आणि मूठ आवळून बाहेर काढून बघा. बहुतेक पॅन्टींमध्ये हात आत जातो, मूठ बाहेर येत नाही. आता हेच गाडीत बसून, पट्टा लावून करून बघा. खिशातलं पिस्तूल बसल्या जागी जवळजवळ निरुपयोगी असतं हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच दोन मिनिटांत अनुभवाल. कंबरेला आतल्या बाजूनं लावायचं होल्स्टर आणि जाड, न वाकणारा पट्टा, याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण पिस्तुलाला नीट जागा मिळते आणि मग ते थोडं मोठंही चालतं.

'आणि विसरून जा.' हे तर कधीच नाही. विसरलेलं पिस्तूल विमानतळावर सापडतं. २०२३ या एका वर्षात टीएसएनं, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणी यंत्रणेनं, प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेल्या होत्या. बहुतेकांचं उत्तर एकच, बॅगेत आहे हे विसरलो. यात दंड हजारो डॉलर्सचा होतो, प्रीचेक, म्हणजे झटपट तपासणीची सवलत, जाते आणि वर स्थानिक पोलिसांची केस होऊ शकते.

आता तुमच्या दिवसाकडे बघू. तुम्ही 'रोज बाळगायला' म्हणता. फार्मसीच्या साखळी दुकानांत कर्मचाऱ्यांना कामावर हत्यार आणायची सहसा मनाई असते. तुमच्या कंपनीचं हँडबुक आधी वाचा. मनाई असेल तर कामाच्या तासांत ते अंगावर राहणार नाही, गाडीत राहील. म्हणजे ज्या पार्किंगची तुम्हाला भीती वाटते, त्याच पार्किंगमध्ये ते दिवसभर एकटं पडून असणार, आणि दारापासून गाडीपर्यंतच्या ज्या चार पावलांसाठी ते घ्यायचं, त्या वेळी ते तुमच्याजवळ नसणार. गाडीच्या काचा फोडून बंदुका चोरणं हा इथल्या चोरांचा नेहमीचा धंदा आहे. गाडीत ठेवायची वेळ आलीच तर केबलनं सीटच्या लोखंडाला बांधलेली लहान तिजोरी हवी. ग्लव्ह बॉक्स ही तिजोरी नव्हे.

म्हणून माझी विनंती आहे, पिस्तुलाचं काय व्हायचं ते होईल, त्या चार पावलांचा बंदोबस्त या आठवड्यातच करा. मॅनेजरला ईमेल लिहा, तोंडी सांगू नका. घटनेचा उल्लेख करा आणि मागा: बंद करताना दोघांनी एकत्र बाहेर पडायचं, मागच्या दाराऐवजी पुढच्या दारानं जायचं, पार्किंगचे बंद पडलेले दिवे बदलायचे, रात्रपाळीच्या लोकांना दाराजवळची जागा द्यायची. यातलं एकही अवाजवी नाही. एकाच पाळीतल्या चार जणांनी मिळून लिहिलं तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल. बाहेर पडायच्या आधी किल्ली हातात, फोन खिशात, कानात काही नाही. गाडीत बसल्या बसल्या दार लॉक, गाडी चालू, निघायचं. मेसेज घरी जाऊन बघता येतात. आणि चांगला पेपर स्प्रे घ्या. स्वसंरक्षणासाठीचा लहान स्प्रे टेक्सासमध्ये चालतो, पण कामावर न्यायचा तर त्याबद्दलही हँडबुक बघा. तो हातात धरून चालता येतं, पिस्तूल तसं धरता येत नाही. रेंजवर शिकवणारी मी, माझ्याही किल्लीला स्प्रे आहे.

आणि पाकीट मागितलं तर पाकीट द्या. चाकू हातभर अंतरावर असताना खिशातून पिस्तूल काढून झाडायला वेळच मिळत नाही. हत्यार त्यासाठी नसतं. पैसे देऊनही जो थांबत नाही, जो तुम्हाला गाडीत कोंबू पाहतो, अशा वेळेसाठी ते असतं.

कायद्याचं मी शिक्षक म्हणून सांगते, वकील म्हणून नव्हे. आपल्या लोकांना हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी जणांना ते लागू आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतं. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न असतात आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. म्हणजे तुम्ही घेऊ शकता. तुमच्या भाच्याला मात्र हात लावता येणार नाही. हौसेनं त्याला रेंजवर नेऊन 'घे, दोन गोळ्या झाड' म्हणणं त्याच्या व्हिसाच्या मुळाशी येऊ शकतं. तिजोरीचा कोड त्याला माहीत असणंसुद्धा नको, कारण हत्यार त्याच्या हाताशी होतं असा अर्थ निघू शकतो. त्याला हे प्रेमानं पण स्पष्ट सांगा.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बंदूक बेकायदा जवळ असणं किंवा बाळगणं अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला जी चूक दंडावर निभावते, ती तुमचं इथलं आयुष्य उखडू शकते. त्यामुळे १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही बाळगता येतं हे खरं असलं, तरी तुम्ही परवाना काढाच. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची चाचणी आणि ४० डॉलर फी, एवढंच आहे. त्याचा मोठा उपयोग शाळांजवळ होतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे. त्या राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते, नुसतं 'टेक्सासमध्ये परवाना लागत नाही' म्हणून मिळत नाही. मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईसाठी ही रोजची गोष्ट आहे. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नेता येत नाही. आपल्या मंडळांचे गणपती आणि दिवाळी पुष्कळदा शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या सभागृहात असतात, तेव्हा 'कार्यक्रम शाळेचा नाही' हे डोक्यातून काढून टाका. दारावर ३०.०६ कलमाची पाटी असलेल्या दुकानात परवानाधारकालाही लपवून नेता येत नाही, पोस्ट ऑफिसात तर नाहीच. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सीमध्ये चालत नाही. उन्हाळ्यात बहिणीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीनं निघालात तर पिस्तूल टेक्सासमध्ये घरच्या तिजोरीतच राहू द्या. पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टीअरिंगवर आणि आधी तोंडानं सांगा, मग परवाना कुठे आहे ते सांगून, त्यांनी हो म्हटल्यावरच हात हलवा.

आता घर. यजमानांच्या विरोधाबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलं आहे, 'ते ऐकून घेत नाहीत.' त्यांना तुम्ही विचारलं का, नेमकी कशाची धास्ती वाटते? बऱ्याच घरांत हा वाद 'हो' आणि 'नाही' यांच्यात अडकतो आणि खरी भीती कोणी बोलतच नाही. मुलाची असेल तर ती अगदी रास्त आहे. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, गाड्यांच्या अपघातांनाही तिनं मागे टाकलं. लपवलेली वस्तू ९ वर्षांच्या मुलाला सापडतेच, साड्यांच्या घडीतही आणि देवघराच्या वरच्या फळीवरही. म्हणून लपवायचं नाही, कुलपात ठेवायचं. बटणांच्या कोडची, पटकन उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्टनं पक्की केलेली तिजोरी पिस्तुलाच्या आधी घरात आली पाहिजे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं हा गुन्हासुद्धा आहे. मुलाला सांगा, घरी असो की मित्राकडे, बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. एकदा सांगून भागत नाही, अधूनमधून सांगत राहावं लागतं.

एक प्रश्न घराघरांत विचारला जात नाही, तो मी विचारते. घरात सध्या कोणाचं मन खचलेलं आहे का? या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. वाईट क्षण येतो आणि जातो, हाताशी बंदूक असेल तर तो जाईपर्यंत वेळ मिळत नाही. नोकरी गेलेले यजमान असोत, एकटा पडलेला भाचा असो, की बाळंतपणानंतरची तुमची बहीण असो. तसं काही असेल तर खरेदी पुढे ढकला, आणि आधीच घेतलेलं असेल तर काही दिवस घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय बघा. ९८८ या मदतीच्या हेल्पलाइनवर कोणत्याही वेळी बोलता येतं, स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या काळजीनंही.

हे सगळं नीट बसलं, यजमान निदान वर्गाला सोबत यायला तयार झाले, आणि तरीही हवं असेल, तर कोणतं?

विकत घेण्याआधी भाड्यानं घ्या. बहुतेक मोठ्या रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं तासाभरासाठी मिळतात. सुरुवात .२२ नं करा. धक्का नगण्य असतो, त्यामुळे चाप हळू दाबणं, डोळे उघडे ठेवणं, बोट शेवटपर्यंत चापाबाहेर ठेवणं या सवयी नीट लागतात. प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असंच समजायचं, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, आणि नेमाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं, हे चार नियम झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

मग तुमच्या मनगटासाठी मी दोनच गोष्टी पुढे ठेवीन. एक, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड, .३८० मधलं, २०१८ साली आलेलं. गोळी तीच, पण पिस्तूल अर्ध्या किलोहून थोडं जड आणि पकडायला पूर्ण मूठ. स्लाइड तर मुद्दाम हलकी केलेली आहे, आणि दुखऱ्या हातांच्या बायकांना पहिल्याच दिवशी ती ओढता आलेली मी पाहिली आहे. खिशात मावणार नाही, कंबरेला राहील. दुसरं, .३२ चं सहा गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. स्लाइडच नाही, गोळी अडकण्याची कटकट नाही, आणि .३८ पेक्षा धक्का खूपच सौम्य. मात्र चाप लांब आणि जड असतो. रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, रेंजवरच तो लागोपाठ बारा-पंधरा वेळा ओढून बघा. बोट थकलं तर तेही नको.

लोक तुम्हाला स्मिथ अँड वेसनचं ६४२ सुचवतील, .३८ चं, पाच गोळ्यांचं, साधारण ४१० ग्रॅमचं. त्याचा घोडा (गोळीवर आपटणारा मागचा हातोडा) आत झाकलेला असल्यामुळे ते खिशात कुठे अडकत नाही आणि खिशासाठी मला ते फार आवडतं, पण तुमच्या मनगटाला ते सोसणार नाही. सिग पी३६५ हे २०१८ पासूनचं लोकप्रिय पिस्तूल, ९ एमएम, दहा गोळ्यांचं मॅगझिन, साधारण अर्धा किलो. निरोगी मनगटाच्या वाचकांनी एलसीपीच्या आधी हे भाड्यानं घेऊन बघावं. गोळीबाबतही तेच. एफबीआयच्या कसोटीत गोळी शरीरासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच आत जावी लागते आणि छोट्या नळीतून सुटलेल्या .३८० ला तिथे अनेकदा एकतर नीट फुलता येतं किंवा पुरेसं खोल जाता येतं, दोन्ही एकदम जमत नाही. पण नेमावर लागलेली .३८० ही भिंतीत गेलेल्या ९ एमएमपेक्षा केव्हाही बरी. जे तुम्हाला दुखल्याशिवाय झाडता येतं ते निवडा.

निवडीची कसोटी साधी ठेवा. ५० गोळ्या झाडून हात थकल्यावर ५ यार्डांवरून पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात जातात का? जात असतील तर ते पिस्तूल तुमचं. घेतल्यावर त्यातून निदान दोनशे गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका, आणि त्यातल्या काही तुम्ही रोज भरणार त्याच गोळ्या असाव्यात. पुढे महिन्यातून एकदा रेंज. ते जमणार नसेल तर पैसे पेपर स्प्रेवर आणि पार्किंगच्या दिव्यांसाठी भांडण्यात जास्त सत्कारणी लागतील.

आणि रेंजसाठी एक वेगळी पिशवी ठेवा, दुसऱ्या कशालाही न वापरायची. आपण रेंजला नेलेलीच बॅग पुढे भारताच्या प्रवासाला भरतो, आणि अस्तराच्या फटीत एखादं काडतूस राहून गेलेलं असतं. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर ते सापडलं तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, बंदूक सोबत नसली तरी. आईच्या आजारपणासाठी घाईनं निघालेल्या माणसावर ही वेळ येऊ नये. म्हणून रेंजची पिशवी घरातल्या सुटकेसच्या कपाटात ठेवूच नका, आणि जॅकेट रेंजवर घातलं असेल तर प्रवासाआधी त्याचे सगळे खिसे उलटे करून झटका.